खुर्ची जिंकलीत, आता ती मोडा

2019 साली श्रीलंकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके यांना 3.16 टक्के मतं मिळाली होती. 21 सप्टेंबर 2024 ला त्यांनाच पहिल्या मोजणीत 42.31 टक्के मतं मिळाली. दुसऱ्या पसंतीची मतं मोजून झाल्यावर ते विजयी ठरले आणि 23 सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. पाठोपाठ नोव्हेंबरात संसदेची निवडणूक झाली. 2020 मध्ये जेमतेम 3 जागा असलेल्या त्यांच्या नॅशनल पीपल्स पॉवर (एनपीपी) या आघाडीने 225 पैकी 159 जागा घेतल्या. या आघाडीतल्या प्रमुख पक्षाचा, विळा-हातोडा मिरवणाऱ्या जनता विमुक्ती पेरामुनाचा, म्हणजे जेव्हीपीचा नेता देशाचा कार्यकारी अध्यक्ष झाला, शिवाय दोन तृतीयांश संसद त्याच्या पाठीशी उभी राहिली.

आपल्याकडच्या डाव्या कार्यकर्त्यांना या निकालाचा आनंद झाला, तसा मलाही झाला. या पक्षाने काय सोसलंय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना तो व्हायलाच हवा. 1971 च्या एप्रिलमधल्या उठावात आणि पुन्हा 1987 ते 1989 या काळात जेव्हीपीची हजारो तरुण पोरं मारली गेली. नद्यांतून प्रेतं वाहत होती, रस्त्याच्या कडेला टायरवर माणसं जळत होती. संस्थापक रोहाना विजेवीरा यांना नोव्हेंबर 1989 मध्ये पकडलं आणि लगेच ठार केलं. दुसऱ्या उठावात जेव्हीपीनेही विरोधकांचे, कामगार नेत्यांचे आणि इतर डाव्या कार्यकर्त्यांचे खून पाडले. तो हिशेब झाकून ठेवून या विजयाबद्दल प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. पण ज्या पक्षाचं जवळजवळ सगळं नेतृत्व राज्यसंस्थेने संपवलं, तोच पक्ष पस्तीस वर्षांनी मतपेटीतून त्याच राज्यसंस्थेच्या शिखरावर पोचला, याची दखल घ्यावीच लागते.

माझा मुद्दा या शिखराबद्दल आहे. श्रीलंकेचं कार्यकारी अध्यक्षपद, म्हणजे सरकारची सूत्रं हाती असलेलं राष्ट्राध्यक्षाचं पद, हे कामगार चळवळ मोडण्यासाठी घडवलेलं हत्यार आहे. डाव्यांच्या हाती ते पहिल्यांदाच आलं आहे, आणि ते मोडून टाकण्याची ताकद व संधी या घडीला फक्त त्यांच्याकडे आहे. कर्ज, नाणेनिधी, डॉलरची चणचण या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत. पण हे पद रद्द करायला एक डॉलरही लागत नाही. म्हणून या विजयाची पहिली परीक्षा मी इथे घेतो.

1977 मध्ये जे. आर. जयवर्धने यांच्या युनायटेड नॅशनल पार्टीने 168 पैकी 140 जागा जिंकल्या आणि दक्षिण आशियात सर्वांत आधी आपली अर्थव्यवस्था परदेशी भांडवलाला खुली केली. आयातीवरचे निर्बंध उठले, रेशनवरच्या अन्नधान्याची सवलत आटली, कोलंबोजवळ कटुनायके इथे निर्यातीसाठी मुक्त व्यापार क्षेत्र उभं राहिलं. 1978 च्या राज्यघटनेने कार्यकारी अध्यक्षपद आणलं ते याच काळात. दोन्ही गोष्टी जोडीने आल्या, कारण त्यांना एकमेकींची गरज होती. पोटावर पाय देणारं धोरण राबवायचं, तर रस्त्याच्या आणि संसदेच्या दबावापलीकडे बसलेला माणूस लागतो. जुलै 1980 मध्ये पगारवाढीसाठी सार्वत्रिक संप झाला, तेव्हा आणीबाणी लावून सुमारे 40 हजार कामगारांना एका फटक्यात कामावरून काढलं. श्रीलंकेची संघटित कामगार चळवळ त्या घावातून आजवर पुरती सावरलेली नाही. 1982 मध्ये जयवर्धने यांनी आपल्याच खासदारांकडून तारीख न घातलेले राजीनामे लिहून घेतले आणि सार्वमताच्या आधारे संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवली. 1977 ची संसद 1989 पर्यंत चालली. या बारा वर्षांत काळा जुलै म्हणून ओळखलं जाणारं 1983 चं तमिळविरोधी हत्याकांड घडलं, यादवी युद्ध सुरू झालं. त्या हत्याकांडाचं खापर फोडून ज्या पक्षांवर बंदी घातली, त्यांत जेव्हीपीही होती. आरोप खोटा होता.

हे पद रद्द करण्याचं वचन देणारे दिसानायके काही पहिले नाहीत. 1994 मध्ये चंद्रिका कुमारतुंगांनी ते दिलं, 2005 मध्ये महिंदा राजपक्षेंनी दिलं, 2015 मध्ये मैत्रीपाल सिरिसेना तर याच मुद्द्यावर निवडून आले. सिरिसेनांच्या काळात 19 व्या घटनादुरुस्तीने काही अधिकार छाटले गेले. गोटाबाया राजपक्षेंनी 2020 मध्ये 20 वी दुरुस्ती करून ते परत घेतले. 2022 च्या जनउठावानंतर पुन्हा थोडी छाटणी झाली. बुंधा मात्र शाबूत राहिला. पदावर बसलेल्या प्रत्येकाला वाटत गेलं की आपल्या हाती हे अधिकार सुरक्षित आहेत, आपण त्यांचा वापर लोकांच्या भल्यासाठी करू.

नव्या सरकारच्या बाजूने बोलणारे मित्रही मला हेच सांगतात. आधी अर्थव्यवस्था सावरू दे, आधी चोरांना तुरुंगात घालू दे, त्यासाठी खंबीर अध्यक्ष हवा, घटनेचं पुढे बघू. हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. पद रद्द करायचं तर संसदेत दोन तृतीयांश मतं हवीत आणि वर सार्वमत जिंकायला हवं. त्यासाठी 150 खासदार लागतात, सरकारकडे 159 आहेत. प्रमाणशीर मतदान पद्धत आल्यापासून कोणत्याही आघाडीला स्वबळावर हा आकडा गाठता आला नव्हता, आणि पुन्हा कधी गाठता येईल याची शाश्वती नाही. लोकांचा विश्वासही कायम एका पातळीवर राहत नसतो. नोव्हेंबर 2024 मध्ये 61 टक्क्यांहून जास्त मतं घेणाऱ्या या आघाडीला मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत 43 टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. स्थानिक निवडणुकीचे हिशेब वेगळे असतात, तिथे लोक मतदानालाही कमी येतात, हे मान्य. तरी काळ कोणत्या दिशेने सरकतोय ते दिसतंच. सार्वमत जिंकायचं असेल तर ते लोकांच्या मनात ओल असताना घ्यावं लागतं.

आता कर्जाकडे वळतो, कारण खरी कोंडी तिथे आहे. तिथे मी नव्या सरकारला काही बाबतीत सूट देतो, काही बाबतीत अजिबात देत नाही.

श्रीलंका एप्रिल 2022 मध्ये दिवाळखोर झाली. राजपक्षे कुटुंबाची लूट हे कारण सगळ्यांना पाठ आहे आणि एनपीपीचा सगळा प्रचार त्याभोवतीच फिरला. चोर गेले की देश सुधारेल, हे सांगायला सोपं आणि ऐकायला गोड. पण फक्त चोरीमुळे हा देश बुडालेला नाही. 2007 पासून श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात चढ्या व्याजाचे डॉलर रोखे विकायला सुरुवात केली. जुने रोखे फेडायला नवे रोखे विकायचे, असं चक्र सुरू झालं. 2019 च्या अखेरीस गोटाबायांनी करांत मोठी कपात केली, मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला. त्याचा मोठा लाभ वरच्या थराला झाला आणि तिजोरी रिकामी पडली. मग करोना आला, पर्यटन बंद पडलं. 2021 मध्ये रासायनिक खतांवर रातोरात बंदी घालून शेतीही खड्ड्यात घातली. यातला कोणताही निर्णय लपूनछपून झालेला नाही. ते धोरण होतं, कायदेशीर होतं, आणि पतमापन संस्था व रोखेबाजार बराच काळ त्या धोरणावर खूश होते. प्रामाणिक माणसं खुर्चीत बसवून हे धोरण आपोआप बदलत नसतं.

लोकांनी उत्तर रस्त्यावर दिलं. त्या उठावाला सिंहलीत अरगलय म्हणतात. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर एप्रिल 2022 पासून तंबू पडले. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात देशव्यापी संप झाले. 9 जुलैला लाखो लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि काही दिवसांत गोटाबाया देश सोडून पळाले. एका अध्यक्षाला लोकांनी हातात बंदूक न घेता हाकलून दिलं. पण त्याच्या जागी कोण आलं? रनिल विक्रमसिंघे. त्यांच्या पक्षाची संसदेत एकच जागा होती. राजपक्षेंच्याच खासदारांच्या जोरावर ते 134 मतं मिळवून निवडून आले. 22 जुलैच्या पहाटे सैनिकांनी गॉल फेसवरची छावणी मारहाण करून उठवली. त्यानंतर विद्यार्थी नेत्यांना 1979 च्या दहशतवाद प्रतिबंधक कायद्याखाली कित्येक महिने डांबून ठेवलं. 2023 मध्ये पैसा नसल्याचं कारण देऊन स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या. एका जागेचा पक्ष हे सगळं करू शकला, कारण त्याच्या हाती कार्यकारी अध्यक्षपद होतं.

मार्च 2023 मध्ये याच विक्रमसिंघे सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी सुमारे 3 अब्ज डॉलरचा, चार वर्षांचा करार केला. हा श्रीलंकेचा नाणेनिधीबरोबरचा सतरावा करार. करारातली मुख्य अट अशी, की व्याज सोडून उरलेल्या खर्चापेक्षा सरकारचं उत्पन्न 2025 पासून देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 2.3 टक्क्यांनी जास्त असलं पाहिजे. थोडक्यात, शाळा, दवाखाने, पगार आणि अनुदानं यांतून दरवर्षी एवढं वाचवून ते सावकारांसाठी बाजूला काढायचं. जानेवारी 2024 पासून मूल्यवर्धित कर 18 टक्के झाला. विजेचे दर गगनाला भिडले. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जवळपास चौथा हिस्सा लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली गेली. संकटाआधीच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीच्या आसपास आहे.

कर्जाची पुनर्रचना कोणाच्या खांद्यावर टाकली हेही बघा. देशांतर्गत कर्जाच्या बाबतीत खासगी बँकांना वगळलं आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीकडचे सरकारी रोखे कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या रोख्यांत बदलले. कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या बाईची म्हातारपणाची पुंजी झिजली, बँकांचे भागधारक वाचले. परदेशी रोखेधारकांशी तत्त्वतः समझोता 19 सप्टेंबर 2024 ला झाला, मतदानाला दोन दिवस उरलेले असताना. त्यात मुद्दलात 27 टक्के सूट आहे, पण सोबत एक कलम आहे. नाणेनिधीच्या अंदाजापेक्षा श्रीलंकेची अर्थव्यवस्था जास्त वाढली, तर रोखेधारकांना जास्त पैसे द्यायचे. देशाने घाम गाळून वर यायचं, आणि जो तुकडा जास्तीचा हाती लागेल त्यातला वाटा न्यूयॉर्क-लंडनच्या गुंतवणूक कंपन्यांनी आधीच राखून ठेवायचा.

निवडणुकीपूर्वी एनपीपी सांगत होती की आम्ही नाणेनिधीशी पुन्हा वाटाघाटी करू, कर्ज पेलण्याच्या क्षमतेचं आमचं वेगळं विश्लेषण मांडू. सत्तेवर आल्यावर त्यांनी करार आहे तसा पुढे चालवला आणि डिसेंबर 2024 मध्ये रोख्यांची अदलाबदलही पूर्ण केली.

या टप्प्यावर मला समोरून एक प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. दिसानायके दुसरं काय करू शकत होते? पहिल्या दिवशी करार फाडला असता तर हप्ता अडला असता, डॉलर आटले असते, तेलाची जहाजं बंदराबाहेर उभी राहिली असती. 2022 मध्ये पेट्रोलच्या रांगेत उभ्या उभ्या माणसं मेली आहेत. ज्या रिक्षावाल्याने आणि कोळ्याने त्यांना मत दिलं, त्यालाच ती रांग पुन्हा दाखवण्याचा अधिकार कोणत्याही डाव्याला नाही. इथे मी वाद घालत नाही. एकट्या, छोट्या, आयातीवर जगणाऱ्या देशाने सावकारांच्या संघटित टोळीशी एका झटक्यात नातं तोडावं असं दूर बसून सुचवणं बेजबाबदारपणाचं आहे.

पण करार फाडणं आणि मुकाट सही करणं यांच्यामध्ये बरीच जागा असते. कर्ज कोणी घेतलं, कशासाठी घेतलं, किती पैसा कुठे गेला, याची सार्वजनिक तपासणी करायला कोणाची परवानगी लागत नाही. इक्वेडोरने 2007-08 मध्ये ती केली आणि तिच्या आधारे आपले रोखे पडत्या भावात परत विकत घेतले. संपत्ती कर लावता येतो. 2.3 टक्क्यांची अट खर्च छाटून पुरी करायची की वरच्या थराकडून वसूल करून, हा निर्णय बऱ्याच अंशी देशातच होतो. फेब्रुवारी 2025 च्या पहिल्या अर्थसंकल्पात सरकारी कर्मचाऱ्यांचं किमान मूळ वेतन 24,250 रुपयांवरून टप्प्याटप्प्याने 40,000 श्रीलंकन रुपयांवर नेण्याची घोषणा झाली, गरिबांच्या मदतीतही थोडी वाढ झाली. त्याचं मी स्वागत करतो. पण चौकट तीच राहिली, आणि चौकटीबद्दल लोकांशी मोकळेपणाने बोलणंही थांबलं. माझी खरी तक्रार या गप्प बसण्याबद्दल आहे. आम्ही दबावाखाली सही केली, अटी अन्याय्य आहेत, त्या बदलण्याइतकी ताकद आज आमच्याकडे नाही, ती उभी करायला तुम्ही संघटित व्हा, असं अध्यक्षाने टीव्हीवर येऊन सांगितलं असतं तर वाटाघाटीच्या टेबलावर देशाची बाजू कमकुवत झाली नसती.

श्रीलंकेच्या डाव्यांनी हा रस्ता एकदा पाहिलेला आहे. लंका समसमाज पक्ष 1935 मध्ये स्थापन झाला. त्याचे पुढारी दुसऱ्या महायुद्धात कँडीच्या तुरुंगातून निसटून भारतात आले, चले जाव आंदोलनात भूमिगत राहून काम केलं, आणि एन. एम. परेरा व फिलिप गुणवर्धने 1943 मध्ये मुंबईत पकडले गेले. मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण ही माणसं विसरतो. 12 ऑगस्ट 1953 ला त्यांनी तांदळाच्या भाववाढीविरुद्ध हरताळ केला. तो इतका कडकडीत झाला की मंत्रिमंडळाला बंदरातल्या ब्रिटिश युद्धनौकेवर बैठक घ्यावी लागली आणि पुढे पंतप्रधान डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला. हाच पक्ष 1964 मध्ये, कामगार संघटना 21 मागण्यांवर एकवटलेल्या असताना, सिरिमाओ बंदरनायके यांच्या मंत्रिमंडळात शिरला आणि परेरा अर्थमंत्री झाले. 1970 मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले. 1971 मध्ये जेव्हीपीच्या पोरांवर गोळ्या चालल्या तेव्हा जुने डावे सरकारात होते. 1972 ची राज्यघटना समसमाजच्याच कोल्विन आर. डिसिल्वांनी लिहिली. त्या घटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं आणि सिंहली हीच राजभाषा पक्की केली. सिंहली एकट्या राजभाषेच्या कायद्याविरुद्ध 1956 मध्ये हेच कोल्विन संसदेत तळमळीने बोलले होते. 1977 मध्ये समसमाज आणि कम्युनिस्ट या दोन्ही जुन्या डाव्या पक्षांना मिळून एकही जागा मिळाली नाही, आणि मोकळ्या झालेल्या मैदानात जयवर्धने आले. कोणी एका दिवसात विकलं गेलं नव्हतं. प्रत्येक पायरीवर एक समजूतदार कारण होतं.

राहिला तमिळांचा प्रश्न. जेव्हीपीच्या डावेपणातली सर्वांत खोल भेग तीच आहे. विजेवीरांच्या वर्गांत भारतीय विस्तारवादाचा धडा शिकवला जाई, आणि त्यात चहाच्या मळ्यांत राबणारे तमिळ कामगार शत्रूचे हस्तक ठरत. देशातला सर्वांत शोषित कामगार, ज्याचं नागरिकत्व 1948 च्या कायद्याने हिरावून घेतलं होतं, तो एका मार्क्सवादी पक्षाला शत्रूचा माणूस वाटला. 1987 च्या भारत-श्रीलंका कराराला आणि प्रांतिक परिषदांना पक्षाने हिंसक विरोध केला. 2005 मध्ये त्सुनामीच्या मदतवाटपात तमिळ भागाला सामील करून घेण्याच्या योजनेवरून सरकार सोडलं. 2006 मध्ये उत्तर आणि पूर्व प्रांत वेगळे करणारा न्यायालयीन निकाल पक्षाच्या लोकांच्या याचिकांवरच आला. एवढं असूनही नोव्हेंबर 2024 मध्ये जाफना जिल्ह्यातल्या 6 पैकी 3 जागा एनपीपीला मिळाल्या. तमिळ मतदारांनी मोठ्या मनाने एक संधी दिली. या लोकांना हवंय ते स्पष्ट आहे. लष्कराने बळकावलेल्या जमिनी परत हव्यात, बेपत्ता झालेल्या मुलांचं काय झालं ते कळायला हवं, दहशतवाद प्रतिबंधक कायदा जायला हवा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा मानणारा तो कायदा आधी तमिळ तरुणांवर, मग मुसलमानांवर, मग अरगलयच्या विद्यार्थ्यांवर वापरला गेला. तो रद्द करण्याचं वचनही एनपीपीच्याच जाहीरनाम्यात आहे. याही कामाला परकीय चलन लागत नाही, रोखेधारकांची संमती लागत नाही. संसदेत साधं बहुमत पुरतं.

मळ्यांबद्दल थोडं आणखी. 2024 मध्ये सरकारने रोजची मजुरी 1,700 रुपये जाहीर केली, मळेवाल्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि अखेर 1,350 रुपयांवर तडजोड झाली. ब्रिटिशांच्या काळातल्या रांगेतल्या एकखोली घरांत अजून कुटुंबं राहतात आणि घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. ही जमीन बहुतांशी सरकारच्या मालकीची आहे, कंपन्यांकडे ती भाडेपट्ट्याने आहे. राबणाऱ्या कुटुंबाच्या नावावर सात-आठ गुंठे करून द्यायचे ठरवले तर नाणेनिधी कोणत्या कलमाखाली अडवणार?

म्हणूनच मला वाटतं की या सरकारपुढची कामं दोन ढिगांत मोडतात. एका ढिगातल्या कामांना डॉलर लागतात, त्यांत उशीर होईल, माघारही घ्यावी लागेल. दुसऱ्या ढिगातल्या कामांना फक्त धैर्य लागतं: अध्यक्षपद, दहशतवादविरोधी कायदा, मळ्यातल्या जमिनी, उत्तरेतल्या लष्करी छावण्या. पहिल्या ढिगाकडे बोट दाखवून दुसरा ढीग तसाच ठेवला, तर नाणेनिधीच्या अटी राबवायला एक स्वच्छ चारित्र्याचा, लोकप्रिय, सर्वाधिकारी अध्यक्ष तेवढा मिळालेला असेल. संप पुन्हा होतील, कारण वीज आणि औषधं महागच आहेत. त्या संपांपुढे अमर्याद अधिकारांनिशी एक डावा अध्यक्ष उभा असेल, आणि त्याच्यानंतर त्या खुर्चीवर येणारा माणूस कोणत्या पक्षाचा असेल हे त्याच्या हातात नसेल. हे मला सगळ्यात जास्त भयंकर वाटतं.

भारतातल्या डाव्यांचं काम याहून वेगळं आहे आणि ते टाळ्या वाजवून होत नाही. श्रीलंकेला कर्ज देणाऱ्या सरकारांची जी समिती बनली, तिच्या अध्यक्षपदात जपान आणि फ्रान्सबरोबर भारतही होता. 2022 मध्ये भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत दिली, त्यातला बराच भाग कर्जाच्या रूपात होता. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा करारही झाला. म्हणजे कोलंबोच्या दारात उभ्या असलेल्या सावकारांत आपलं सरकार आहे. आपल्या कामगार संघटनांनी, आपल्या खासदारांनी दिल्लीत मागणी करायला हवी की भारताने आपल्या कर्जाच्या अटी जाहीर कराव्यात, व्याज सोडावं, आणि इतर देशांनीही ते सोडावं म्हणून समितीत आग्रह धरावा. असा एक ठराव एखाद्या अधिवेशनात झाला, तर तो अभिनंदनाच्या पत्रांपेक्षा हॅटनच्या चहाच्या मळ्यात आणि कटुनायकेच्या कारखान्यात जास्त उपयोगी पडेल.